साक्षीत न आलेली दहा मिनिटं

बद्रीनाथ औताडे यांनी एकतीस वर्षं दुसऱ्यांचं बोलणं टाइप केलं, आणि त्या एकतीस वर्षांत आपल्या कागदावर फालतू शब्द म्हणून आला नाही असं त्यांचं ठाम मत होतं. हे मत तसं खोटंही नव्हतं. ज्या ज्या कोर्टात ते स्टेनो होते तिथले न्यायाधीश बदली होऊन जाताना त्यांचं नाव काढत. साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहून गावच्या भांडणापासून म्हशीच्या दुखण्यापर्यंत सगळं सांगायचा, साहेब त्यातलं कामाचं तेवढं तोंडी सांगायचे आणि बद्रीनाथ ते असं टाइप करायचे की वरच्या कोर्टातले कारकूनसुद्धा म्हणायचे, कागद पाहावा तर औताड्यांचा. अशा कौतुकानं माणूस थोडा बिघडतोच. बद्रीनाथही बिघडले.

त्या बिघाडाचा त्रास होता भागूबाईंना, म्हणजे त्यांच्या पत्नीला. गारखेड्यातल्या घरी दुपारच्या चहाला त्या बहिणीकडची हकिकत सांगायला बसल्या की दुसऱ्याच वाक्याला बद्रीनाथ म्हणायचे, "मुद्द्याचं सांग."

"मुद्द्याचं असतं तर तुमच्या कोर्टात नसते का गेले?" असं म्हणून भागूबाई उरलेली हकिकत शेजारणीला ऐकवायला निघून जायच्या. चाळीस वर्षांच्या संसारात अशा किती हकिकती अर्ध्या राहिल्या असतील कोण जाणे. शेजारणीला मात्र सगळ्या माहीत होत्या.

निवृत्तीनंतर बद्रीनाथ घरीच भाषांतराचं काम करू लागले. खालच्या कोर्टातल्या साक्षी मराठीत असतात. अपील हायकोर्टात गेलं की त्याच साक्षी इंग्रजीत करून द्याव्या लागतात, आणि ते काम नीट करणारी माणसं शहरात मोजकीच. शेजारच्या गल्लीत राहणारी अमृता हायकोर्टात सरकारी वकील होती. वयानं बद्रीनाथांच्या मुलीएवढी, बोलायला फटकळ, कामाला वाघ. जानेवारीतल्या एका दुपारी ती कागदांचा गठ्ठा घेऊन आली.

"काका, घाईचं आहे. पंधरा दिवसांत सुनावणी. गंगापूरकडचं मेंढपाळाचं प्रकरण."

ती गेल्यावर बद्रीनाथांनी चष्मा पुसला, गठ्ठा सोडला आणि पहिलंच पान पाहून ते थबकले. डावीकडचा रुंद समास, पूर्णविरामानंतर सोडलेली दोन अक्षरांची जागा, खाली कोपऱ्यात त्यांचीच छोटी सही. सात वर्षांपूर्वीचं त्यांचं स्वतःचं टाइपिंग होतं ते.

प्रकरण त्यांना चांगलं आठवत होतं. मल्हारी नावाचा मेंढपाळ आपला कळप घेऊन गंगापूरच्या बाजूला उतरला होता. त्याची मेंढरं सुदर्शनराव नावाच्या बागायतदाराच्या कोवळ्या उसात शिरली. सुदर्शनरावांनी फावड्याचा दांडा हाणला आणि मग आपल्या सालगड्याला, सांडूला, पुढं केलं. सांडूनं काठी चालवली. तिसऱ्या दिवशी मल्हारी दवाखान्यात वारला. बघणारं एकच माणूस होतं, मल्हारीची सात वर्षांची मुलगी सुकेशनी. तिला आई नव्हतीच, आता बापही राहिला नाही. आजीनं तिला वाढवलं, आणि वर्षभरानं आजीचंच बोट धरून ती कोर्टात आली.

त्या एका लेकराच्या साक्षीवर कोर्टानं दोघांना सदोष मनुष्यवधासाठी दोषी धरलं. पण शिक्षा दोघांना सारखी झाली नाही. सुदर्शनरावांना पाच वर्षं, कारण निकालात लिहिल्याप्रमाणे ते शिकलेले, प्रतिष्ठित, पहिलाच गुन्हा, घरी म्हातारी आई. सांडूला दहा वर्षं, कारण रक्ताची काठी त्याच्या खोपीत सापडली. सांडूचाही तो पहिलाच गुन्हा होता आणि म्हातारी आई त्यालाही होती, पण तिच्याबद्दल कुणी विचारलं नाही. पुढं सुदर्शनराव अपील करून जामिनावर बाहेर आले. सांडूसाठी धावपळ करणारं कुणी नव्हतं. तो आतच राहिला, आठवं वर्ष लागलं तरी. अपिलं आता तीन होती: दोन आरोपींची, आणि सुदर्शनरावांची शिक्षा वाढवा म्हणणारं सरकारचं.

बद्रीनाथांनी सुदर्शनरावांच्या अपिलाचा अर्ज वाचला. पहिलाच मुद्दा असा होता की, साक्ष घेण्याआधी या मुलीला प्रश्न समजतात का, खरं-खोटं कळतं का, हे कोर्टानं तपासून पाहिल्याचं कागदावर कुठंही दिसत नाही. सबब तिची साक्ष बाजूला ठेवावी. ती एकदा बाजूला ठेवली की खटल्यात उरत काय होतं? दोघंही सुटणार.

 पण तपासून पाहिलं होतं. त्यांच्यासमोर पाहिलं होतं.

त्या दिवशी साहेब आपल्या उंच खुर्चीवरून खाली उतरून आले होते. मुलीशेजारी साधी खुर्ची ओढून बसले आणि चांगली दहा मिनिटं तिच्याशी मेंढरांबद्दल बोलले. काळी कुठली, लंगडी कुठली, कुत्र्याचं नाव काय. बोलता बोलता त्यांनी विचारलं, "खोटं बोललं तर काय होतं गं?" मुलीनं जरा विचार केला आणि म्हणाली, "चारा नसताना चारा हाय म्हणून हाक मारली, तर पुढच्या बारीला मेंढरं येत नाय."

मग साक्ष झाली, उलटतपासणी झाली, आणि जेवायला उठताना साहेब म्हणाले, "औताडे, सुरुवातीचे प्रश्न तुम्हीच टाका, तुमच्या लक्षात असतील." बद्रीनाथांनी टाकले. नाव, वय, गाव, शाळा, इयत्ता. मेंढरं त्यांनी गाळली. कोर्टाच्या कागदावर लंगडी मेंढी शोभत नाही असं त्यांना वाटलं. साहेबांचा त्यांच्यावर विश्वास होता, त्यांनी सही केली. ते साहेब आता हयात नव्हते.

बद्रीनाथ भाषांतराला बसले. पहिलं पान झालं. शाळा आणि इयत्तेच्या खाली त्यांची बोटं थांबली, आणि मग आपोआप चालू लागली. साहेबांचा प्रश्न इंग्रजीत उतरला, त्याखाली मुलीचं उत्तर उतरलं. दोनच ओळी. त्यांनी त्या वाचून पाहिल्या. त्यात खोटं काहीच नव्हतं. आपणच चोरलेली वस्तू आपण गुपचूप जागेवर ठेवतोय, यात पाप कसलं, असं त्यांनी स्वतःला विचारूनही पाहिलं. मग त्यांनी मूळ मराठी पान शेजारी धरलं. खरं असलं तरी ते त्या पानावर नव्हतं, आणि पानावर नसलेलं भाषांतरात घालणं म्हणजे काय, हे एकतीस वर्षं कोर्टात काढलेल्या माणसाला कुणी सांगायची गरज नव्हती. त्यांनी दोन्ही ओळी खोडल्या.

भागूबाई चहा ठेवून गेल्या होत्या तो तसाच निवला. "बरं नाही का वाटत?" त्यांनी येऊन विचारलं. तेव्हा बद्रीनाथांनी सगळं सांगितलं. मुद्द्याचं आणि बिनमुद्द्याचं, कुत्र्याच्या नावासकट. भागूबाईंनी मधे एकदाही तोंड घातलं नाही.

"मेंढरांचं तेवढं काढून टाकलं तुम्ही," शेवटी त्या म्हणाल्या. "मग मेंढक्याच्या पोरीनं दुसरं काय सांगावं?"

बद्रीनाथांनी चष्मा काढून गठ्ठ्यावर ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ते अमृताच्या दारात उभे राहिले. चूक कबूल केली आणि म्हणाले, "मी प्रतिज्ञापत्र करून देतो. प्रश्न विचारले होते. मी गाळले."

अमृता रागावली असती तर बरं झालं असतं. ती रागावली नाही. "काका, न्यायाधीशांनी सही केलेला कागदच बोलतो. सात वर्षांनी स्टेनोनं येऊन सांगितलेलं कोण धरणार? उलट समोरचे म्हणतील, पाहा, यांचा कागदच कच्चा. आहे त्या कागदावरच लढावं लागेल." मग म्हणाली, "तुम्ही भाषांतर नीट करा. तेवढंच तुमच्या हातात आहे."

त्यांनी नीट केलं. रोज चार पानं, प्रत्येक पान दोनदा मुळाशी ताडून.

सुनावणीच्या दिवशी त्यांना कुणी बोलावलं नव्हतं, तरी ते इस्त्रीचा पांढरा सदरा घालून गेले आणि मागच्या बाकावर बसले. थोड्या वेळानं शेजारी एक म्हातारी आणि एक मुलगी येऊन बसल्या. मुलगी पंधराची असेल, पाठीवर शाळेची बॅग, दोन वेण्या. म्हातारीनं तिला "सुके, पाय आत घे" म्हटलं आणि बद्रीनाथांनी वळून पाहिलं. ही तीच, आणि ही तिची आजी, मंजुळाबाई. ओळख द्यायचा त्यांना धीर झाला नाही.

सुदर्शनरावांचे वकील दीड तास इंग्रजीत बोलले. मुलीला त्यातलं आपलं नाव तेवढं कळत होतं, आणि ते सारखं येत होतं. शेवटी तिनं बद्रीनाथांकडं वळून हळूच विचारलं, "बाबा, काय म्हणतेत ते?"

हे तिला सांगावं का? लहान जीव आहे, गोड करून सांगावं, असं त्यांच्या मनात आलंच. जन्माची खोड अशी सहज जात नाही. पण हिच्या बोलण्यातलं काय ठेवायचं ते आपण एकदा ठरवून बसलोय हे आठवून ते म्हणाले, "ते म्हणतात, तुला कुणीतरी पढवलं होतं. तुझी आजी तुला खरं बोल म्हणाली होती, म्हणजे तिनंच शिकवलं."

"आजी तर त्या दिवशी उसापाशी नव्हतीच," सुकेशनी म्हणाली. "मला शिकवणार कोण?" आणि मग आजीला सगळं समजावून सांगू लागली. मंजुळाबाई नुसत्या मान हलवत राहिल्या.

मग अमृता उभी राहिली. बद्रीनाथ तिचं प्रत्येक वाक्य सुकेशनीला मराठीत सांगत गेले. सुरुवातीचे प्रश्न कागदावर नाहीत हे तिनं आधीच मान्य करून टाकलं, तेव्हा त्यांची मान खाली गेली, पण तेही त्यांनी सांगितलं. "पढवलेलं लेकरू कसं बोलतं ते आपल्याला माहीत आहे," अमृता पुढं म्हणाली. "हे लेकरू कसं बोललंय ते फक्त वाचावं." आणि तिनं उलटतपासणीचं पान काढलं.

सांडूनं किती काठ्या मारल्या, असं वकिलांनी तेव्हा विचारलं होतं. उत्तर होतं, "दोन बघितल्या. मग मी डोळे मिटले. पुढचं ऐकलं, बघितलं नाय." मालकानं किती? "एक. पयला त्यानंच मारला. मग म्हणला, सांडू, तू बघ आता. सांडू नुसता उभा होता. मालक परत म्हणला, तवा त्यानं मारलं."

न्यायमूर्ती दोघं होते. त्यांतले वडीलधारे म्हणाले, "पुन्हा वाचा." अमृतानं पुन्हा वाचलं. ज्याला बापाचा खुनी म्हणून दाखवायचं तो आधी नुसता उभा होता, हे कुठल्या शिकवणाऱ्यानं शिकवलं असेल, एवढंच तिनं विचारलं. न्यायमूर्तींनी मग सुदर्शनरावांच्या वकिलांना विचारलं, की याच साक्षीवर पहिला घाव घालणाऱ्याला आणि हुकूम सोडणाऱ्याला पाच वर्षं, आणि दोनदा सांगितल्यावर हात उचलणाऱ्या गड्याला दहा, हे कुठल्या मापानं? वकिलांनी प्रतिष्ठेचा परिच्छेद वाचून दाखवला. न्यायमूर्ती म्हणाले, "प्रतिष्ठेनं मार हलका होतो का?"

निकाल आठवड्यानं लागला. त्या दिवशीही तिघं त्याच बाकावर बसले. मागं भिंतीला टेकून सांडूची बायको उभी होती, एकटीच.

साक्षीआधीची विचारपूस कागदावर न येणं ही चूकच आहे, असं न्यायमूर्तींनी आधी वाचलं. बद्रीनाथांनी ते ऐकलं, आणि नाव न घेता झालेली ती निर्भर्त्सना त्यांना एकतीस वर्षांच्या कौतुकापेक्षा खरी वाटली. पण मुलीची साक्ष स्वतःच सांगते की तिला प्रश्न कळत होते आणि पाहिलेलं व न पाहिलेलं यांतला फरक बऱ्याच मोठ्या माणसांपेक्षा चांगला कळत होता. दोघंही दोषी. एकाच कृत्याला एकच माप. दोघांना सात-सात वर्षं. सांडूची भोगून झालेली, त्याला सोडावं. सुदर्शनरावांनी चार आठवड्यांत हजर व्हावं.

"खरी धरली तुझी साक्ष," बद्रीनाथ म्हणाले. सुकेशनीनं बॅग पोटाशी घट्ट धरली आणि तिच्या डोळ्यांना धार लागली. आवाज मात्र आला नाही.

सांडूच्या बायकोला काहीच उमगलं नव्हतं. ती एकेकाच्या तोंडाकडं बघत होती. मंजुळाबाई उठल्या, तिच्यापाशी गेल्या आणि म्हणाल्या, "सुटला तुझा माणूस. जा, तयारी कर." त्या आवाजात माया नव्हती, रागही नव्हता. परत येऊन बसल्यावर नातीला म्हणाल्या, "त्याला हुकूम होता. आठ वरीस लई झालं."

बाहेर लिंबाखाली चहाची गाडी होती, शेजारी एक बाक. आजी-नात त्यावर बसल्या. बद्रीनाथांनी तीन चहा सांगितले. गंगापूरची एसटी गाठायची म्हणून मंजुळाबाई घाई करत होत्या. आता बोललो नाही तर कधीच बोलणार नाही, हे बद्रीनाथांना कळत होतं.

"बाबा, तुम्ही वकील हाय का?" सुकेशनीनंच विचारलं. "दोन्ही दिवस समदं सांगितलं मला."

"नाही बाळ. मी टाइप करणारा. तू लहानपणी कोर्टात बोललीस ते मीच टाइप केलं." कप त्यांनी खाली ठेवला. "सगळं नाही केलं. साहेब तुझ्याशी आधी दहा मिनिटं बोलले होते, ते मी गाळलं. आज आत चूक म्हणाले ना, ती माझी. तुझी साक्ष माझ्यापायी जाणार होती."

ती रागावेल, निदान तोंड फिरवेल, असं त्यांना वाटलं होतं. ती नुसती गोंधळली. "मला आठवत बी नाय," ती म्हणाली. "काय म्हणले होते मी?"

"साहेबांनी विचारलं, मेंढरं किती. तू म्हणालीस, ठाऊक नाय. ते म्हणाले, मग एखादं हरवलं तर कळतं कसं?" बद्रीनाथ पुढं म्हणाले, "तू म्हणालीस, मोजायचं नाय. मोजलं की निसता आकडा ध्यानात राहतो. सांजच्याला एकेकीचं तोंड बघायचं. जी नाय, तिची जागा दिसते."

मंजुळाबाईंच्या हातातला कप तसाच राहिला. त्यांनी पदर तोंडाला लावला.

"माझ्या मल्हारीचं बोलणं हाय हे," त्या म्हणाल्या. "रोज सांजला म्हणायचा. ही त्याच्या खांद्यावर बसलेली असायची."

सुकेशनी बद्रीनाथांकडं बघत राहिली. आठ वर्षं तिला पोलिसांनी, वकिलांनी, गावानं, पाहुण्यांनी बापाबद्दल विचारलं होतं, आणि सगळ्यांनी त्या एकाच दिवसाबद्दल विचारलं होतं. सांगून सांगून तिच्यापाशी बापाचा तेवढाच एक दिवस उरला होता. आधीचा बाप तिला आठवत नव्हता, आणि हे तिनं आजवर कुणाला, आजीलासुद्धा, सांगितलं नव्हतं.

"परत म्हणा, बाबा," ती म्हणाली.

बद्रीनाथांनी परत म्हटलं.

"अजून काय म्हणले होते मी?"

"सुके, येष्टी जाईल," मंजुळाबाई म्हणाल्या, पण उठल्या नाहीत.

"दुसरी येईल आजी," बद्रीनाथांकडून नजर न हलवता सुकेशनी म्हणाली. तेव्हा बद्रीनाथ तिच्याशेजारी बाकावर बसले आणि साहेबांच्या पहिल्या प्रश्नापासून, काळ्या मेंढीपासून, सांगायला लागले.